बहिष्कृत बिशप

ख्रिस्ती समाजात जन्मापासून मरणापर्यंत धर्मगुरू लागतो. बाप्तिस्मा त्याने द्यावयाचा, लग्न त्याने लावावयाचे, माती देतानाची प्रार्थनाही त्यानेच म्हणावयाची. चर्चने एखाद्याला दूर लोटले, की शेवटच्या प्रार्थनेचीही शाश्वती उरत नाही. युगांडातील समलिंगी व्यक्तींची ही स्थिती पाहून गप्प न बसलेला धर्मगुरू म्हणजे बिशप क्रिस्तोफर सेन्योंजो.

१९३१ साली जन्मलेले सेन्योंजो १९७४ ते १९९८ पश्चिम बुगांडाचे अँग्लिकन बिशप होते. (पाद्री म्हटला की आपल्याकडे तो अविवाहितच असे वाटते, अँग्लिकन पंथात तसे बंधन नाही. सेन्योंजो संसारी, मुलाबाळांचे गृहस्थ.) निवृत्तीनंतर ते समुपदेशन करू लागले. २००१ च्या सुमारास काही समलिंगी तरुण त्यांच्याकडे आले. पश्चात्तापाचा उपदेश करून त्यांना वाटेला लावणे सोपे होते. सेन्योंजोंनी त्यांना सांगितले, की तुम्ही आहात तसेच देवाला प्रिय आहात. चर्चच्या वरिष्ठांना हे रुचले नाही. त्यांनी या तरुणांचा निषेध करावा असा आग्रह झाला. त्यांनी नकार दिला, आणि धर्मविधी चालविण्याचा त्यांचा अधिकार गेला.

कायदाही विरोधातच होता. इंग्रजांनी तेथे रुजविलेले कलम आपल्या ३७७ व्या कलमाचे भावंड. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मुक्त केले. युगांडात मात्र २००९ साली फाशीची तरतूद असलेले विधेयक आले. ऑक्टोबर २०१० मध्ये एका साप्ताहिकाने समलिंगींची नावे छापली, वर 'त्यांना फाशी द्या' असे शब्द. पहिल्या पानावर शाळामास्तर डेव्हिड काटो यांच्याबरोबर सेन्योंजोंचेही छायाचित्र होते. काटो कोर्टात गेले, ३ जानेवारी २०११ रोजी जिंकले. २६ जानेवारीला त्यांचा घरातच खून झाला. (पुढे एकाला शिक्षा झाली, हेतूविषयी मात्र वाद राहिला.)

दफनाच्या वेळी तेथल्या पाद्र्याने मृताच्या मित्रांवरच तोंडसुख घेतले. गोंधळ माजला, गावकरी शवपेटीला हात लावीनात. अखेर मित्रांनीच ती उचलली, आणि अधिकार गमावलेल्या, ऐंशीला टेकलेल्या बिशपांनी थडग्यापाशी प्रार्थना म्हटली.

२०१४ चा कायदा न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. २०२३ मध्ये नवा आला. त्यात काही प्रकारांना मृत्युदंड आणि समलैंगिकतेच्या 'प्रचारा'ला २० वर्षांपर्यंत कैद आहे. सेन्योंजो आपल्या खोलीत बसून त्या तरुणांशी जे बोलत, ते या शब्दात बसते की नाही, हे आता न्यायाधीशाने ठरवावयाचे.