काळ्या मातीवरची मध्यपाटी

थंड देशांत विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचा इतिहास कधी कधी बर्फापासून सुरू होतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या पेम्ब्रोक कॉलेजात १९६४ साली उभा राहिलेला आइस हॉकीचा संघ हा त्या देशातला महाविद्यालयीन मुलींचा या खेळातला पहिला संघ मानला जातो. परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावच्या आणि एकूणच गंगाखेड तालुक्याच्या परिसरात असा इतिहास शोधायचा असेल, तर तो मातीत आखलेल्या चुन्याच्या रेघांत शोधावा लागतो, आणि तिथे जो खेळ सापडतो तो खो-खो. या खेळाला बूट, काठी किंवा बंदिस्त मैदान लागत नाही, दोन खांब आणि मोकळी जागा पुरते, असे सर्रास म्हटले जाते. मुलींच्या संघाची वाटचाल जवळून पाहिली, तर हे म्हणणे अर्धेच खरे ठरते.

खेळाचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. खो-खोला नियमांची चौकट पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली दिली. १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापुरात महिलांची स्पर्धा सुरू झाली. मराठवाड्यातली महाविद्यालये पूर्वी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनीच, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. महाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, आणि राज्यातल्या विद्यापीठांच्या ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सवातही खो-खोला स्थान आहे. संघाची ही शिडी कागदावर सरळ दिसते.

खेळाचा खरा चमत्कार मात्र त्याच्या यंत्रणेत आहे, आणि ती यंत्रणा पळण्यावर नव्हे, बसण्यावर उभी आहे. सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद मैदानाच्या मधोमध दोन खांबांना जोडणारी मध्यपाटी असते, तिच्यावर प्रत्येकी तीस सेंटिमीटरच्या आठ चौरसांत आठ खेळाडू आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, आणि नववी खेळाडू प्रतिस्पर्धी संघातल्या धावणाऱ्या मुलींचा पाठलाग करते. तिला मध्यपाटी ओलांडता येत नाही, मागे फिरता येत नाही, आणि एकदा तिचा खांदा ज्या दिशेला वळला ती दिशा खांबापर्यंत तिच्यावर बंधनकारक होते. दिशा बदलायची असेल, तर बसलेल्या एखादीच्या पाठीवर मागून हात ठेवून त्याच क्षणी ‘खो’ म्हणायचे आणि स्वतः तिच्या चौरसात बसायचे, एवढाच मार्ग उरतो. स्पर्श आणि शब्द यांत क्षणाचे अंतर पडले, किंवा बसलेली मुलगी खो मिळण्याआधी उठली, तर फाऊल होतो आणि उलट दिशेला जावे लागल्यामुळे जवळजवळ हाती आलेली धावणारी निसटते.

म्हणूनच जाणते प्रशिक्षक नव्या मुलीला आधी बसायला शिकवतात. एक पाय पुढे, दुसऱ्या पायाचा चवडा रोवलेला, दोन्ही तळवे जमिनीवर आणि मान फक्त इतकीच वळलेली की डोळ्याच्या कोपऱ्यातून धावणारी दिसावी, अशी ती बैठक असते. ती नऊ मिनिटांच्या पाळीत पुन्हा पुन्हा घ्यावी लागते आणि मांड्या भरून येतात. धावणारी एकेरी साखळी करते, म्हणजे बसलेल्या प्रत्येकीच्या मधून नागमोडी जाते, किंवा दोन-तीन जणींभोवती गोल धरून पाठलाग करणारीला खो देत राहायला भाग पाडते. अशा वेळी बसलेल्या आठ जणींनी तो डाव एकाच वेळी ओळखला नाही, तर सर्वांत वेगवान मुलगीही काही करू शकत नाही. या खेळाला सांघिक का म्हणतात याचे उत्तर या बैठकीत जितके स्पष्ट दिसते, तितके दुसऱ्या कुठल्याही खेळात क्वचितच दिसत असेल.

खांब हा या यंत्रणेचा दुसरा अवयव होय. जमिनीपासून एकशे वीस ते एकशे पंचवीस सेंटिमीटर उंच, नऊ-दहा सेंटिमीटर व्यासाचा आणि गुळगुळीत असलेल्या या लाकडाला एका हाताने धरून पाठलाग करणारी आपले शरीर जवळजवळ आडवे झोकून देते आणि पलीकडून वळणाऱ्या धावणारीला मोकळ्या हाताने टिपते. पंच त्याची नोंद ‘खांबावर बाद’ अशी करतात. उघड्या मैदानात पोट जमिनीला घासत मारलेली उडी म्हणजे सूर. कोपरावरची आणि गुडघ्यावरची खरचटलेली कातडी हीच या दोन्ही कौशल्यांची शाळा असते, आणि ती कातडी किती सोलवटली जाईल हे माती ठरवते.

मराठवाड्याने या खेळाला काय दिले ते सर्वज्ञात आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा खो-खोला बावीस वर्षांनी तो मान मिळत होता. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात नेपाळला ७८-४० असे हरवणाऱ्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. हे यश खरे आहे आणि अभिमानाचे आहे. परंतु त्याच्या उजेडात संघांचा पाया झाकून जातो, आणि चिंता तिथेच आहे.

पहिली अडचण मातीचीच आहे. गोदावरीच्या खोऱ्यातली कापसाची काळी माती पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात तडकून भेगाळते; त्यामुळे खो-खोचे मैदान करायचे म्हणजे ती काढून मुरूम भरावा लागतो, त्यावर चाळलेली माती पसरून पाणी मारावे लागते, रोलर फिरवावा लागतो, आणि हे काम दर हंगामात नव्याने करावे लागते. दुसरी अडचण वेळेची आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो, आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकीट अर्ध्या दरात आहे, त्यामुळे पैशाची अडचण पुष्कळ कमी झाली; पण सराव संध्याकाळी होतो आणि गावाकडची शेवटची गाडी सरावासाठी थांबत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेली मुलगी म्हणूनच बहुधा संघातून आधी गळते, आणि ती कौशल्यात कमी पडली असे नोंदीत दिसते, हे अन्यायाचे आहे.

तिसरी गोष्ट अधिक खोलवर जाते. पदवीची तीन वर्षे संपली की संघ मोडतो, आणि बैठकीतली जी समज एकीने दुसरीला मैदानावरच दिलेली असते, ती लिहून ठेवण्याची पद्धत नसल्याने नव्या संघाला ती पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्या आशेवर काही घरे मुलीचे लग्न दोन वर्षे पुढे ढकलतात. ज्या घरांना तेवढा धीर नसतो, तिथली मुलगी दुसऱ्या वर्षीच संघाबाहेर जाते.

आणि आता खेळच बदलतो आहे. विश्वचषकात सामने सात-सात मिनिटांच्या चार टर्नमध्ये विभागले गेले, पाठलाग करणाऱ्यांत कोणत्याही दिशेला वळण्याची मुभा असलेली ‘वजीर’ आली, आणि मोठ्या स्पर्धा मॅटवर होऊ लागल्या. मॅटवर मातीपेक्षा पाय अधिक धरतो, वळण लवकर बसते, पण सूर मारताना शरीर मातीसारखे घसरत नाही, ते अडखळून थांबते. जिच्या गावात मॅट नाही, ती मुलगी आपला सूर मुरमावर शिकते आणि मॅटवर मारते; खांब तोच असतो, उंची तीच असते, पण कोपर किती आधी टेकवायचे याचा अंदाज चुकतो, आणि पहिला डाव तेवढे ओळखण्यातच जातो.