पाऊणकीचा पाढा आणि समुद्राची स्वस्त सहल

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पालकांच्या बोलण्यात एक विषय हमखास येतो. मुलांना समुद्र दाखवायचा आहे, पण खर्च झेपेल का? आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी समुद्र फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला असतो. म्हणून या लेखात दापोली तालुक्याचा किनारा डोळ्यासमोर ठेवून थोडी माहिती देत आहे. कर्दे, मुरुड, हर्णै, आंजर्ले, लाडघर ही गावं एकमेकांना लागून आहेत, घरगुती राहण्याची सोय आहे आणि एसटीने जाता येतं.

आधी एक गोंधळ दूर करू. मुरुड दोन आहेत. जंजिरा किल्ल्याजवळचं मुरुड रायगड जिल्ह्यात, आणि महर्षी कर्व्यांचं मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळ. तिकीट किंवा खोली बुक करताना "दापोलीचं मुरुड" असं स्पष्ट सांगा.

सहलीत सगळ्यात जास्त पैसा कशावर जातो? बहुतेक वेळा गाडीवर. चार जणांचं कुटुंब भाड्याची गाडी घेऊन निघालं की राहण्याजेवणाइतका खर्च रस्त्यावरच होतो. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना प्रवास मोफत आहे. म्हणजे आई, दोन लहान मुलं आणि आजी यांच्यात मिळून दीड तिकीट! हे गणित मुलांनाच करायला द्या. रेल्वेने येणार असाल तर कोकण रेल्वेचं खेड स्टेशन सोयीचं. तिथून दापोली साधारण तीस किलोमीटर. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं. मुलांसाठी वेगळी बर्थ घेतली तर पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं, हे फॉर्म भरताना लक्षात ठेवा.

दापोली स्टँडवर उतरल्यावर किनारा अजून दहा-पंधरा किलोमीटर असतो. गावातल्या गाड्या मोजक्या असतात. त्यामुळे उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर परतीच्या गाडीची आणि शेवटच्या मुक्कामी गाडीची वेळ विचारून कागदावर लिहून घ्या. एटीएमचं कामही दापोलीतच उरका. किनाऱ्यावर मोबाईलची रेंज येते-जाते, तिच्या भरवशावर राहू नये.

राहायला समुद्रासमोरची खोली घेऊ नका, असं मी सरळ सांगेन. किनाऱ्यापासून पाच-दहा मिनिटं आत, नारळी-पोफळीच्या वाडीत घरगुती खोल्या असतात, त्या स्वस्त असतात. तशीही खोलीच्या खिडकीतून समुद्र बघणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही. ते वाळूतच असतं. जेवणाचं सकाळीच सांगून ठेवावं लागतं, कारण घरगुती खाणावळीत माणसं मोजून स्वयंपाक होतो. मासे खाणाऱ्यांनी सुरमई-पापलेटचा हट्ट सोडून बांगडा घेतला तर ताट बरंच स्वस्त पडतं, आणि माझ्या मते चवीलाही तो कमी नाही. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. घावणे, आंबोळी, सोलकढी, आणि आधी सांगितलं तर उकडीचे मोदक.

आता कधी जायचं? शिक्षकांची पंचाईत ही की आपल्याला सुट्टी मिळते तेव्हाच साऱ्या महाराष्ट्राला मिळते. तरी एक फट सापडते. भाऊबीजेनंतरचा पहिला शनिवार-रविवार सोडून द्या. ऑफिसं उघडतात, शाळा मात्र अजून बंद असतात, तेव्हाचे मधले वार पकडा. खोलीचं भाडं कमी करून मागायला तेव्हाच जागा असते. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरण्याचा विचारही नको. मासेमारीसुद्धा १ जून ते ३१ जुलै बंद असते.

पण तारीख ठरवताना भाड्याबरोबर आणखी एक गोष्ट बघायला हवी. ती फुकट आहे, भिंतीवरच्या कालनिर्णयात आहे, आणि तिच्याकडे जवळजवळ कोणीच बघत नाही. ती म्हणजे तिथी.

जुन्या शाळांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे पाठ करून घेत. आपल्या पिढीला वाटतं, पाऊणकीचा उपयोग काय? कोकणातल्या माणसाला विचारा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या, म्हणजे सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब. ही वेळ दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा येते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते.

हे जमतं कसं? चंद्र रोज आकाशात थोडा उशिरा येतो, साधारण पन्नास मिनिटांनी. भरती चंद्राच्या मागे चालते, म्हणून तीही रोज तितकीच पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं. थोडा फरक पडतो, त्यामुळे हे उत्तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होऊ शकतं. नेमकी वेळ गावातल्या मच्छीमाराला विचारावी. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी येते. त्या धड्याला हा पाढा जोडला तर मुलं विसरत नाहीत.

आता हे गणित सहलीला लावू. पौर्णिमेच्या दिवशी सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेपाचच्या सुमारास ओहोटी. पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. सहा तासांचे सहा भाग केले तर पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. पौर्णिमेला हे दोन तास दुपारी सव्वा ते सव्वातीनचे. जेवून, थोडं लवंडून सगळे पाण्याकडे निघतात ते याच सुमारास! शिवाय पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, त्यामुळे पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, ती सौम्य.

अष्टमीला भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, ओहोटी दुपारी बाराला. सकाळी पाणी मागे जात असतं तेव्हा ओल्या वाळूत हिंडायचं, शिंपले वेचायचे, खेकड्यांनी केलेल्या वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी मुलांना दाखवायची. उन्हात खोलीवर यायचं. साडेतीन ते पाच, पाणी किनाऱ्याकडे येत असताना, कडेला खेळायचं. आणि गंमत अशी की लक्ष्मीपूजन अमावास्येला असल्यामुळे, भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात दरवर्षी शुद्ध अष्टमी येतेच. स्वस्त खोली आणि सौम्य समुद्र एकाच आठवड्यात मिळतात.

कर्द्यासारख्या सपाट किनाऱ्यावर आणखी एक हिशेब मुलांकडून करून घ्या. पन्नास मीटर चाललं की एक मीटर उतार, असं धरू. पाणी अडीच मीटर चढलं तर पाण्याची कड किती पुढे येईल? सव्वाशे मीटर. वाळूत नेऊन उभ्या केलेल्या गाड्या अडकतात त्या अशा.

भरती असो वा ओहोटी, एक धोका कायम असतो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या खोलगट वाटेने परत समुद्रात जातं. त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, फेस नसतो, पाणी शांत दिसतं. म्हणून अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो. त्या ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही, दमछाक होते. अंग सैल सोडून तरंगायचं, एक हात वर करायचा, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं जाऊन ओढीतून बाहेर पडायचं. बाहेरच्यांनी मागे उडी मारू नये. झाकण लावलेला रिकामा कॅन, दोरी, ओढणी, जे हाताशी असेल ते फेकावं आणि गावकऱ्यांना हाक मारावी. ११२ वर फोन लागतो. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. खाडीच्या मुखाशी, म्हणजे आंजर्ल्याला नदी समुद्राला मिळते तशा जागी, पाण्यात उतरूच नये.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगडमधल्या मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. कॉलेजची, चांगली मोठी मुलं होती ती. म्हणून लहान मुलांसाठी माझा नियम कडक आहे. पाणी मुलाच्या गुडघ्यापर्यंतच, आणि मोठ्या माणसाने मुलाच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहायचं, किनाऱ्याकडच्या नाही. फोटो काढणारा आणि मुलांवर लक्ष ठेवणारा माणूस वेगळा असावा.

पैसे देऊन करायच्या गोष्टींपैकी वाळूवरच्या मोटारी आणि घोडागाडी सोडून दिल्या तरी चालतात. होडीत बसायचं असेल तर मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते आधी बघा. मोठ्यांचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. फुकट बघण्यासारखं भरपूर आहे. हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव, तिथूनच समोर दिसणारा सुवर्णदुर्ग (२०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक), आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती. एक दिवस जास्त असेल तर साने गुरुजींचं पालगड याच तालुक्यात आहे, ते चुकवू नये.

निघायच्या दिवशी सकाळी समुद्रावर जायचा मोह होतो. गेलात तर ओले कपडे ठेवायला वेगळी पिशवी आणि पाय धुवायला पाण्याची एक बाटली जवळ ठेवा. परतीची जागा दापोलीहून आरक्षित केली असेल तर गावातून एक गाडी आधीची पकडा, कारण पुढची चुकली तर रिक्षाला जे द्यावं लागतं त्यात सगळ्यांचं एक वेळचं जेवण होतं.