कोटाबाहेरची मोकळी जागा

मे महिन्यातला रविवार, सकाळचे पावणेसात. ओव्हल मैदानाच्या फाटकातून आत शिरलं की पहिल्यांदा कानावर येतो तो चेंडूचा आवाज, आणि तो एका जागेहून येत नाही. एकाच वेळी इतके सामने चाललेले असतात की एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्याच्या लाँगऑनच्या पाठीला पाठ लावून उभा असतो. कुणाचा तरी चौकार भलत्याच सामन्याच्या यष्ट्यांमधून निघून जातो, तिथला यष्टिरक्षक तो न बघताच उचलतो आणि परत फेकतो. कोणी रागावत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला हा गोंधळ वाटतो, पण इथे वाढलेल्या पोराला आपला कर्णधार कोण आणि आपला चेंडू कोणता हे गर्दीतही बरोबर कळतं.

मी ठाकूरद्वारला चाळीत वाढले. परीक्षा संपली की गॅलरीत कुरडया-पापड वाळत घातलेले असायचे आणि त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून आम्हा पोरांना सकाळीच बाहेर काढलं जायचं. धोबीतलावावरून आझाद मैदानापर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं. भाऊ खेळायचा, मी आणि शेजारची सुमन कडेला बसून चपला आणि पाण्याची कळशी सांभाळायचो. त्या कडेवर बसून मैदान इतकं पाहिलं, की पुढे त्याच्याविषयी वाचायला लागले तेव्हा बऱ्याच गोष्टी ओळखीच्याच निघाल्या.

आपण ज्याला फोर्ट म्हणतो त्याला जुनी माणसं कोट म्हणत. कोटाला भिंती होत्या, खंदक होता, दरवाजे होते. भिंतींबाहेरची जमीन मोकळी ठेवलेली होती ती लोकांना हवा खायला मिळावी म्हणून नव्हे. शत्रू चालून आला तर त्याला आडोसा मिळू नये, तोफेचा मारा सरळ जावा, एवढाच हेतू होता. त्या मोकळ्या पट्ट्याला इंग्रज एस्प्लनेड म्हणत. हल्ला काही झाला नाही. पण उन्हाळ्यात कोटातल्या अरुंद गल्ल्यांत जीव घुसमटायला लागला की साहेबलोक त्या पट्ट्यावर तंबू आणि तात्पुरते बंगले उभारून राहायला येत. पाऊस जवळ आला की सगळं उतरवायचं, पुन्हा मैदान मोकळं. म्हणजे या जमिनीचा पहिला शांततेचा उपयोग उन्हाळा काढण्यासाठीच झाला. मला ही गोष्ट फार आवडते. तोफांसाठी राखलेल्या जागेवर माणसं वाऱ्यासाठी येऊन राहिली.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत भिंती पाडल्या गेल्या. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' निघालं ते १८६३ साली, म्हणजे जुना कोट जात असतानाच. मोकळ्या झालेल्या जागेतून रस्ते निघाले, इमारती उठल्या, आणि उरलेल्या एस्प्लनेडचे पुढे तुकडे पडत गेले. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज ही त्या एकाच मैदानाची चार लेकरं. चर्चगेट स्टेशनला ज्या दरवाजाचं नाव मिळालं तो दरवाजा होता आजच्या हुतात्मा चौकाजवळ. रोज लाखो लोक त्या नावाच्या स्टेशनात उतरतात आणि मैदान ओलांडून नसलेल्या दरवाजाकडे चालत जातात.

ही मैदानं सरकारने आपणहून लोकांच्या हाती दिली असं मात्र कोणी समजू नये. १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, फक्त गोऱ्यांसाठी, आणि आजच्या आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला त्याचं स्वतःचं राखीव हिरवळीचं मैदान झालं. तिथे घोडे नेले तर हिरवळ खराब होईल, म्हणून साहेबांचा पोलो रंगायचा तो बाहेर, देशी पोरं जिथे क्रिकेट खेळायची त्या जागेवर. टापांनी जमीन उखडायची. दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यांवर चेंडू टप्पा घ्यायचा. १८८१ साली देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. पारशी, हिंदू, मुसलमान सगळे त्यात होते. निकाल कधी इकडे झुकला, कधी तिकडे. त्या भांडणाची हकीकत शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पुस्तकरूपाने छापली. क्रिकेटचा इतिहास म्हणून ती वाचली जाते. मी ती वाचते या शहराच्या मोकळ्या जागेवर हक्क सांगणारा एक फार जुना दस्तऐवज म्हणून. एक माणूस घोड्यावरून मैदान वापरतो आणि शंभर पोरं पायांनी वापरतात, तर मैदान कोणाचं? हा प्रश्न दीडशे वर्षांत जुना झालेला नाही.

त्या शंभर पोरांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या दोन मुलांनी आझाद मैदानावर ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. ते जिथे खेळले तिथे गॅलरी नाही, तिकीट नाही. कोणीही रस्त्यावरून आत येऊन बघत उभं राहू शकत होतं. आजही राहू शकतं.

उन्हाबद्दल बोलायचं तर वाऱ्याबद्दल बोलायला हवं. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. मुंबईत उन्हाळा सुसह्य होतो तो खाऱ्या वाऱ्यांनी. जमीन तापते, हवा वर जाते आणि दुपारी समुद्रावरची गार हवा आत शिरते. ज्या दिवशी पूर्वेकडचं कोरडं वारं जोर धरतं आणि समुद्रावरचं वारं उशिरा सुटतं, त्या दिवशी पारा चढतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. मार्चमध्ये, हे लक्षात घ्यावं. मेमध्ये ऊन सहसा इतकं चढत नाही, घाम मात्र थांबत नाही.

ओव्हलच्या पूर्वेला एका ओळीत जुनं सचिवालय, विद्यापीठ आणि हायकोर्ट उभं आहे. १८७० च्या दशकातल्या या इमारतींची तोंडं पश्चिमेला आहेत, कारण तेव्हा समोर मैदान, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ आणि लगेच समुद्र होता. त्यांचे खोल व्हरांडे तो वारा आत घेण्यासाठी होते. पुढे बॅकबेचा भराव झाला, १९३० च्या अखेरीस कुलाब्यापर्यंत जाणारी गाडी बंद झाली, आणि पश्चिमेला नव्या भरावावर आर्ट डेको शैलीच्या इमारती उठल्या. वारा थोडा अडला. पण त्या इमारतींनीही ऊन ओळखलं होतं. खिडक्यांवरून पापणीसारखी पुढे आलेली छज्ज्यांची पट्टी पाहा; ती नटण्यासाठी कमी आणि उतरतं ऊन अडवण्यासाठी जास्त. या दोन्ही ओळींना मिळून २०१८ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. लोक इमारतींचे फोटो काढतात. पण मधलं सुमारे बावीस एकरांचं मैदान नसतं, तर या दोन ओळी एकमेकींना दिसल्याच नसत्या. नव्वदच्या दशकात हे मैदान कचरा आणि गर्दुल्ल्यांच्या ताब्यात जायला आलं होतं. आसपासच्या रहिवाशांची संघटना कोर्टात गेली आणि त्यांनी ते वाचवलं, हेही सांगायला हवं.

वाऱ्यानंतर पाणी. विहारचं नळाचं पाणी १८६० मध्ये आलं, तोवर हे शहर विहिरी आणि तलावांवर जगत होतं. धोबीतलावाचा तलाव गेला, नाव राहिलं. क्रॉस मैदानाच्या कडेला भिखा बेहरामची विहीर मात्र आहे. १७२५ साली एका पारशी गृहस्थाने ती खोदली आणि समुद्र इतका जवळ असून पाणी गोड लागलं. पारशी मंडळी तिथे प्रार्थनेला येतात.

नळ आल्यावर धनिकांनी पाणपोया बांधल्या. मुंबईत त्यांना प्याऊ म्हणतात. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी चाळीस प्याऊंसाठी पैसे दिल्याची नोंद आहे. मिंट रोडजवळचा रतनशी मुळजी जेठा यांचा प्याऊ मी अनेकदा बघत उभी राहिले आहे. कापसाच्या या व्यापाऱ्याचा एकुलता एक मुलगा धरमसी ऐन पंधराव्या वर्षी गेला. बापाने त्याच्या आठवणीसाठी देऊळ बांधलं नाही, कोणाही वाटसरूला पाणी मिळावं अशी सोय केली. व्ही.टी. स्टेशनची इमारत ज्यांनी उभी केली त्या स्टीव्हन्स यांनीच त्याचा आराखडा काढला. जुन्या प्याऊंची रचना नीट पाहिली तर त्यात एक हिशेब दिसतो. माणसाच्या हाताच्या उंचीला तोटी, खाली गुरांना तोंड घालता येईल असा हौद. शहरात बैलगाड्या होत्या, १८७४ पासून ट्रामला घोडे होते, आणि मे महिन्यात तहान त्यांनाही लागत होती.

फ्लोरा फाउंटन त्याहून जुनं, १८६४ चं. सुंदर आहे, पण ते बघण्याचं पाणी आहे, पिण्याचं नाही. कोटात चालताना मला नेहमी प्याऊ जास्त जवळचा वाटतो. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी मला गरगरलं तेव्हा मी एका इमारतीच्या सावलीतल्या पायरीवर टेकले. रखवालदाराने दोन मिनिटांत उठवलं. समोरच एक जुना प्याऊ होता, त्याच्या तोटीचं तोंड सिमेंटने बुजवलेलं आणि हौदात कागदी कप. शेवटी एका ताडगोळेवाल्या मावशीने बसायला आपलं पोतं दिलं. कोयत्याने टरफल उडवून तीन गर हातावर ठेवले आणि म्हणाली, "आधी खा गं बाय, पैशाचं नंतर." ज्या भागात हजारो कोटींची उलाढाल होते तिथे सावली आणि पाणी फुटपाथवरच्या बाईने द्यावं, याची मला आजही चीड येते. तोटी दुरुस्त करायला फार पैसा लागत नाही. काही प्याऊ अलीकडे निगुतीने पुन्हा उभे केले गेले आहेत, मिंट रोडचाही. त्यामुळे हे जमत नाही असं कोणी म्हणू नये.

पाणी देण्याची रीत या शहरातून गेलेली नाही, हे मी १२ मार्च २०१८ च्या सकाळी पाहिलं. नाशिकहून सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालत आलेले शेतकरी आझाद मैदानावर पोचले होते. दहावीची परीक्षा होती. पोरांना त्रास नको म्हणून ते रात्रीतून चालले होते. अनेकांच्या तळव्यांची कातडी सोललेली होती. आणि कोटातली, भायखळ्याची, दक्षिण मुंबईतल्या वस्त्यांतली माणसं पाणी, बिस्किटं, केळी, चपला घेऊन येत होती. एक बाई वाकून एका म्हाताऱ्याच्या पायाच्या मापाची चप्पल शोधत होती. तोफांसाठी मोकळी ठेवलेली ती जमीन त्या दिवशी इतक्या माणसांना टेकायला पुरली.

दुपारी बारा ते चार मैदानावर फक्त वेडे आणि शाळकरी पोरं असतात. बाकीच्यांसाठी कोटात सावलीच्या जागा आहेत, माहीत असायला हव्यात. हॉर्निमन सर्कलची बाग, पूर्वीचं बॉम्बे ग्रीन. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक हॉर्निमन यांना सरकारने १९१९ साली हद्दपार केलं, त्यांचं नाव या बागेला आहे. झाडं जुनी आहेत आणि बाकांवर कुरियरची पोरं, कारकून, एखादा वकील डबा खाऊन डोळे मिटून बसलेले असतात. समोर एशियाटिक सोसायटीच्या तीस पायऱ्या. दुपारी त्या तापतात, संध्याकाळनंतर बसण्याजोग्या होतात. काळा घोड्याला जहांगीर कलादालन आहे, १९५२ चं, प्याऊवाल्या रेडीमनींच्याच घराण्याच्या देणगीतून झालेलं. आत जायला पैसे पडत नाहीत. माझ्या आत्याने आयुष्यात चित्र विकत घेतलं नाही, पण मंत्रालयातल्या नोकरीच्या काळात मेमधल्या कित्येक मधल्या सुट्ट्या तिने तिथल्या गारव्यात काढल्या. निवृत्त होईपर्यंत तिला चित्रकारांच्या शैली ओळखता यायला लागल्या होत्या.

बायकांचं म्हणून एक सांगते. मी आणि सुमन मैदानाच्या कडेला बसायचो ते चपलांच्या निमित्ताने. निमित्ताशिवाय बसलेल्या मुलीला लोक विचारायचे, "कोणाची वाट बघतेस?" शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. काही काम नसताना शहरात रेंगाळता येणं हा बाईचा हक्क आहे, असं त्यात सरळ म्हटलं. वाचताना मला ती कळशी आठवली. आज ओव्हलच्या जाळ्यांत पॅड बांधून मुली सराव करतात, त्यांच्या आया कडेला पन्ह्याचा थर्मास घेऊन बसलेल्या असतात. तरी निमित्त लागतंच अजून, पॅडचं.

सूर्य कलला की सगळं शहर पश्चिमेकडे सरकतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्याचं काँक्रीट दिवसभर तापलेलं असतं, सात वाजता बसलं तरी मांड्यांना चटका बसतो. तरीही लोक बसतात, कारण दीड खोलीच्या घरापेक्षा इथे हवा आहे. २०२२ च्या मार्चअखेरीस पोलिसांनी रविवारी सकाळी काही तास इथला रस्ता गाड्यांना बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा मी नातवाला घेऊन गेले. तो रस्त्याच्या मधोमध खडूने गाडी काढत बसला होता.

भुयारी मेट्रोच्या कामासाठी आझाद मैदानाचा एक तुकडा कित्येक वर्षं पत्र्याआड होता. त्या काळात खेळपट्ट्या कमी पडल्या, पण सामने थांबले नाहीत, फक्त लाँगऑन आणखी जवळ आला. गेल्या मेच्या शेवटच्या रविवारी मी संध्याकाळी तिथे होते. आभाळ भरून यायला लागलं होतं. आता उन्हाळ्याच्या स्पर्धा संपणार आणि मग कांगा लीग, १९४८ पासून भर पावसात, गुडघाभर गवतात खेळली जाणारी. माळीदादा नळी ओढत खेळपट्टीवर आले. भेगाळलेल्या मातीवर त्यांनी पाणी सोडलं, ते क्षणात मुरलं, पुन्हा सोडलं. दोन पोरं पळत आली, नळीखाली डोकी धरली, ओंजळीने प्यायली. माळीदादांनी नळी थोडी वर धरली, त्यांना नीट पिता यावं म्हणून. मी विचारलं, पाऊस आता आठवड्यावर आला, तरी पाणी घालताय? ते म्हणाले, "उद्या सकाळी सहाला तळोज्याची पोरं येणारेत. पहिल्या लोकलने निघतात बिचारी."