घोड्याच्या ऐटीमागची पेशी

दत्तजयंतीला तापीकाठच्या सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. घेणारे दात बघतात, अंगावरचे भोवरे तपासतात, रवाल चाल चालवून पाहतात. नर घोड्याची भरदार मान आणि घोडी दिसताच त्याचं खिंकाळणं मात्र कुणाला तपासावं लागत नाही. लहान वयात खच्ची केलेल्या घोड्याला ती मान येत नाही आणि तो रगही येत नाही. हे घोडेवाल्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पण वृषणात असं काय असतं?

शुक्रजंतू लेवेनहूकनं १६७७ मध्येच पाहिले होते. ज्या बारीक नळ्यांत ते तयार होतात, त्यांच्याकडेच पुढे सगळ्यांचं लक्ष राहिलं. १८५० मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबुर्गचा फ्रान्त्स लायडिख सस्तन प्राण्यांची वृषणं सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होता. वयाची तिशीही गाठली नव्हती त्यानं. त्याची नजर गेली नळ्यांच्या मधल्या जागेत. तिथे रक्तवाहिन्यांच्या कडेनं पेशींचे पुंजके होते, आत स्निग्ध थेंब, पिवळसर रंगकण. त्यानं जे दिसलं ते नेमकं लिहून ठेवलं. या पेशी करतात काय, हे त्या वेळी सांगता येण्याजोगं नव्हतंच. 'हार्मोन' हा शब्दही जन्मायचा होता.

उलगडा व्हायला अर्धं शतक लागलं. काही जनावरांची वृषणं खाली न उतरता पोटातच राहतात. तिथल्या उष्णतेनं नळ्या निकामी होतात, शुक्रजंतू बनत नाहीत, तरी जनावर वागतं पुरतं नरासारखं. फ्रान्समधल्या बुआँ आणि अंसेल यांनी अशी वृषणं तपासली, तेव्हा लायडिखच्या पेशी शाबूत आढळल्या. नरपण घडवणारा स्राव याच पेशी रक्तात सोडत असणार, असं त्यांनी १९०३ मध्ये मांडलं. १९३५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये बैलांच्या वृषणांतून तो स्राव शुद्ध रूपात हाती आला: टेस्टोस्टेरॉन. तो बनतो कोलेस्टेरॉलपासून, आणि या कोलेस्टेरॉलचा साठा असतो त्या स्निग्ध थेंबांत. म्हणजे लायडिखनं नकळत कारखान्याचं कोठारच पाहिलं होतं! मला या साऱ्या कथेत हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

घोड्याच्या बाबतीत तर नवल इथेच थांबत नाही. १९३४ मध्ये बर्नहार्ड झोन्डेकला नर घोड्याच्या मूत्रात इस्ट्रोजेन, म्हणजे ज्याला आपण मादीचा हार्मोन म्हणतो तो, भरपूर सापडला. खच्ची घोड्यात तो तसा आढळत नाही, कारण तोही वृषणातूनच येतो. लायडिख पेशीतलं एक विकर टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं.

याहून अजब गोष्ट घडते घोडीच्या पोटात. अकरा महिन्यांच्या गर्भारपणाच्या मध्यानंतर गर्भाच्या जननग्रंथी, शिंगरू नर असो की मादी, अशाच मधल्या पेशींनी फुगत जातात आणि आईच्या अंडाशयांहूनही मोठ्या होतात. त्या पाठवतात तो कच्चा माल घेऊन वार इस्ट्रोजेन बनवते. मग जन्माआधीच त्या ग्रंथी पुन्हा आक्रसतात.