शिळ्या कढीला ऊत

डिंडोलीतून समुद्र दिसत नाही. तापी खोऱ्याच्या रेल्वेने जळगाव, धुळे, नंदुरबारकडून सुरतेस आलेल्या मराठी कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे, आणि तिचा दिवस यंत्रमागाच्या पाळ्यांवर मोजला जातो. तरीही येथल्या पोरासोरांना कॅप्टन जॅक स्पॅरो ठाऊक असतो. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ या मालिकेतील चाचे हिंदी बोलत घरच्या पडद्यावर येतात. त्याच मुलांना संभाजी आंग्रे कोण, असे विचारले तर बहुतेकांना उत्तर देता येणार नाही. केवळ एका परदेशी चित्रपटमालिकेची कळा उतरली म्हणून अग्रलेखाची जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु या प्रश्नामुळे तो विषय आपल्या दाराशी येऊन ठेपतो.

या मालिकेचा जन्मच मुळी कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये १९६७ साली सुरू झालेल्या एका करमणुकीच्या नौकाफेरीतून झाला. अशा खेळण्यातून चांगला चित्रपट निघेल, असे कोणाला वाटले नसेल. परंतु २००३ सालचा पहिला चित्रपट खरोखरच ताजा होता. बुडत्या होडीच्या डोलकाठीवर ऐटीत उभा राहून बंदरात येणारा, आणि होडी तळाला जाता जाता धक्क्यावर पाऊल टाकणारा जॉनी डेपचा जॅक स्पॅरो पाहून प्रेक्षक हसला, आणि त्याला त्या माणसाविषयी कुतूहलही वाटले. त्यानंतर २००६, २००७, २०११ आणि २०१७ अशा वर्षी आणखी चार भाग आले. त्यांतील दोहोंनी जगभरात प्रत्येकी शंभर कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. गल्ला वाढला, गोडी मात्र ओसरत गेली. पाचव्या भागापर्यंत शिळ्या कढीला ऊत आणण्याचाच तो प्रकार होऊन बसला.

असे का झाले, याचा विचार करण्यासारखा आहे. पहिल्या कथेचा कणा होता तो एक लोहार तरुण आणि गव्हर्नरची कन्या यांच्या प्रीतीचा; स्पॅरो हा तिच्यातील चटका होता. लोणच्याची फोड ताटाच्या कडेला शोभते. तिचाच भात कालवला तर घास घशाखाली उतरत नाही. चौथ्या भागात ते प्रेमी युगुल गेले आणि सारा भार त्या फोडीवर पडला. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या कथांतून मृत्यू हद्दपार झाला. पहिल्या भागात मेलेला बार्बोसा दुसऱ्याच्या शेवटी जिवंत होऊन येतो; सागरी राक्षसाने गिळलेला स्पॅरो तिसऱ्यात परततो. प्रत्येक वेळी शापित सोने, पेटीतले काळीज, चिरतारुण्याचा झरा, समुद्रदेवतेचा त्रिशूळ अशी एखादी नवी वस्तू, आणि तिच्यामागे भुताखेतांचे नवे सैन्य! जेथे मरण खोटे ठरते तेथे साहसही खोटेच ठरते. समुद्राची भीती सरली की उरते ते नुसते पाणी.

तिसऱ्या भागात नऊ चाचे-सरदारांची सभा भरते. तीत हिंदी महासागराचा सरदार म्हणून एक पागोटेधारी, दाढीवाला मनुष्य येऊन बसतो. त्याचे नाव संभाजी आंग्रिया! त्याच्या वतीने त्याचे सेवक बोलतात, आणि शेवटी त्याने स्वतः तोंड उघडले की चिरका आवाज ऐकून प्रेक्षागृह हसते. एवढेच त्याचे काम. कान्होजींचा पुत्र संभाजी आंग्रे हा इतिहासातील पुरुष. १७३५ साली ‘डर्बी’ हे इंग्रजांचे मोठे मालवाहू जहाज त्याच्या आरमाराने पकडले होते. त्या नावाचा असा विदूषक व्हावा, याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण त्या नावामागची माणसे आपण तरी जगाला कधी दाखविली?

खरी कथा हवी असेल तर ती सुरतेच्या बंदरातच आहे. १६९५ साली हज यात्रेकरू आणि संपत्ती घेऊन सुरतेकडे परतणारे औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने लुटले. जहाजावरच्या प्रवाशांचे, विशेषतः स्त्रियांचे जे हाल झाले, त्यांत हसण्यासारखे काही नव्हते. लोकक्षोभ उसळला, सुरतेच्या वखारीतील इंग्रजांना बेड्या पडल्या. एव्हरीचे काही साथीदार १६९६ मध्ये लंडनला फासावर गेले. तो स्वतः मात्र कायमचा नाहीसा झाला. कोणत्याही शापित सोन्याची मदत न घेता ही कथा अंगावर काटा आणते.

चाचा कोणाला म्हणावे, हा प्रश्न मात्र सरळ नाही. ज्या वर्षी, १७१८ साली, ‘ब्लॅकबिअर्ड’ अमेरिकेच्या किनाऱ्यावर मारला गेला, त्याच वर्षी मुंबईकर इंग्रजांनी खांदेरीवर चाल केली आणि कान्होजींपुढे ते अपयशी ठरले. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर केलेली स्वारीही फसली. परवाना घेऊन जाण्याचा नियम करणाऱ्या मराठी सरखेलाला इंग्रजी कागदांनी चाचा ठरविले; तोच नियम समुद्रावर चालविणारे पोर्तुगीज आणि इंग्रज मात्र सत्ताधीश ठरले. तथापि न्याय दोन्ही बाजूंनी करावयास हवा. १६६४ आणि १६७० च्या सुरतेच्या स्वाऱ्या आम्हांस स्वराज्याच्या खजिन्याची गरज म्हणून दिसतात. घर जळालेल्या सुरतेच्या व्यापाऱ्याला त्या तशा दिसल्या नसतील. याच शहराचे अन्न खाणाऱ्या मराठी माणसाने हे मोकळेपणाने मानले, तर त्याच्या अभिमानाला उणेपणा येत नाही.

आपल्याकडचे चित्रपट पाहावेत तर २०१८ च्या दिवाळीत ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ने त्या परदेशी मालिकेचीच छाया अंगावर घेतली, आणि पहिल्या दिवसाची गर्दी ओसरताच ते गलबत बुडाले. मराठीत ‘फर्जंद’पासून सुरू झालेल्या शिवकालीन चित्रपटांच्या माळेने प्रेक्षक मिळविला, परंतु तिचा मुख्य भर गड आणि खिंडी यांवरच राहिला. गुजरातीत गुणवंतराय आचार्यांनी ‘दरियालाल’सारखी समुद्रकथा लिहिली. मनोहर माळगावकरांचे ‘कान्होजी आंग्रे’ पु. ल. देशपांड्यांनी मराठीत आणले. म्हणजे साहित्य आहे. त्याला पडद्यावर आणणारा हात हवा.

तो हात पुढे आला तर त्याने जॅक स्पॅरोच्या यशापासून एक धडा घ्यावा आणि अपयशापासून दुसरा. माणूस रंगवावा, आणि कथा संपली की थांबावे. २०२५ साली विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे जागतिक वारशात गेले. दगडांचा मान झाला. त्या तटांवरून गुराबा आणि गलबते हाकणाऱ्या तांडेलांची, खलाशांची कथा अजून सांगावयाची आहे. ती आपण सांगितली नाही, तर डिंडोलीतला मुलगा संभाजी आंग्रे म्हणून त्या चिरक्या आवाजालाच ओळखेल, आणि त्या वेळी दोष परक्याला देता येणार नाही.