भट्टीवर जाताना बाळाचे रेशन आणि लसी मागे राहू देऊ नका

दिवाळी झाली की पेण-रोह्याच्या वाड्यांवरील अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाळाच्या वाढीचे हे मोलाचे महिने. नेमक्या याच काळात गावचे रेशन दुकान आणि अंगणवाडी मागे राहते. परतलेल्या मुलाचे वजन घटते, लसी चुकतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

नियम काय बदलला?
पूर्वी धान्य ठरलेल्या दुकानातूनच मिळे. २०१९ मध्ये महाराष्ट्र व गुजरातमध्ये 'एक देश, एक रेशनकार्ड' सुरू झाले आणि २०२२ पर्यंत ते देशभर लागू झाले. आता भट्टीजवळच्या रेशन दुकानातही आपल्या वाट्याचे धान्य घेता येते: प्राधान्य कार्डावर दरमहा माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. गावी राहिलेल्या आजी-आजोबांना त्यांचा वाटा गावातच घेता येतो.

अडचण कुठे येते?
आधार जोडलेले नसेल, तर बाहेरगावी धान्य मिळत नाही. मातीकामाने बोटे झिजली की अंगठा उमटत नाही. अशा वेळी कार्डावर नाव असलेल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा द्या. दुकानदाराने नकार दिल्यास १४४४५ वर फोन करा.

निघण्यापूर्वी
- सर्वांचे आधार कार्डाला जोडून घ्या, बाळाचे नावही चढवा.
- अंगणवाडीताईंना कुठे जाणार ते सांगा. बाळाची नोंद तिकडच्या अंगणवाडीकडे वळवता येते.
- लसीकरणाचे कार्ड सोबत ठेवा. कोणत्याही सरकारी केंद्रात या लसी मोफत मिळतात. एखादा डोस चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

थांबू नका
बाळ अंगावर पीत किंवा खात नसेल, मलूल पडले असेल, दोन्ही पायांवर सूज असेल, तर लगेच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण असते. त्यावर उपचार आहेत.

गावी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात बाळाचे वजन करून घ्या. मजुरी बुडेल म्हणून ते पुढे ढकलू नका.