गुळाचा खडा आणि छातीतला धूर

दौंड तालुक्यात गुऱ्हाळं सुरू झाली की चिपाडाच्या धुराबरोबर एक जुनी समजूतही ऐकू येते. दिवसभर धूर छातीत गेला तरी रात्री गुळाचा खडा खाल्ला की सगळं साफ! पिठाच्या गिरणीत राबणारे आणि सिमेंटची पोती उतरवणारेही हेच सांगतात.

पण गूळ अन्ननलिकेतून जठरात उतरतो. आपण गिळतो तेव्हा श्वासनलिकेच्या तोंडावर झाकण पडतं, म्हणून तो फुप्फुसात पोचतच नाही. १९९४ साली लखनौच्या संशोधकांना गूळ दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसांतून कोळशाचे कण अधिक सरकलेले दिसले, हे खरं. माणसांच्या बाबतीत मात्र हे सिद्ध झालेलं नाही. त्या भरवशावर चुलवाणापाशी बसून राहणं धोक्याचं आहे.

छातीची सफाई शरीर स्वतःच करतं. श्वासनलिकेला फाटे फुटत जातात आणि त्यांच्या आतल्या चिकट थरात जाडी धूळ अडकते. सूक्ष्म केसांची सततची हालचाल ती घशाकडे ढकलते. खाकरून पडतो तो कफ हाच. मात्र धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट वायुकोशांपर्यंत जातात. तिथे हे केस नसतात. कण गिळणाऱ्या पेशी असतात, पण रोजच्या धुरापुढे त्या अपुऱ्या पडतात. दोन्ही फुप्फुसांत मिळून तीस ते पन्नास कोटी वायुकोश आणि त्यांचा पृष्ठभाग सुमारे सत्तर चौरस मीटर; रक्तात प्राणवायू शिरतो तो इथूनच. तोंडाला बांधलेला पंचा धूळ थोडीफार अडवतो, इतके बारीक कण नाही.

विडी ओढत नाही, मग मला काय होणार, हाही तितकाच घातक समज. शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र आहे. त्या परिसरातल्या पाहणीत सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद झालेले, बहुतेक रुग्ण कधीच धूम्रपान न केलेले निघाले. अशा आजाराचं एक मोठं कारण घरातली लाकडाची, गोवऱ्यांची चूल. वर्षानुवर्षं तिच्यापुढे बसलेल्या बाईला चढावर धाप लागली, की घरचे ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतात.

वय झालं की आजार, हे स्पायरोमेट्रीत कळतं. नळीत जोरात फुंकायचं. श्वासमार्ग मोकळे करणारं औषध ओढल्यानंतरही एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात ७० टक्क्यांहून कमी बाहेर आली, तर श्वासमार्ग अरुंद झाल्याचं डॉक्टर धरतात.